परकेपणा, सुरतेतील खानदेशी समाजाचा
जळगाव, धुळे व नंदुरबार या मुलखातून उपजीविकेसाठी सुरतेस येऊन स्थायिक झालेल्या मराठी व अहिराणी भाषकांची, नगरात राहूनही नगराचे न मानले जाण्याची जाणीव व तीतून उद्भवणारी स्वीकृतीची आकांक्षा.

तापीखोऱ्यातील लोहमार्गाने खानदेश सुरतेशी जोडलेला असल्याने, यंत्रमाग व कापडप्रक्रियेचे कारखाने वाढले तसा कोरडवाहू शेतीतून निघालेला हा वर्ग सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत वसला (पहा : खानदेश, यंत्रमाग). शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्या मराठी इतिहासात पराक्रम आणि सुरतेच्या इतिहासात लूट म्हणून नोंदल्या जातात, हा स्मृतिभेदही या परकेपणाच्या संदर्भात ध्यानात घ्यावा लागतो.

घरी अहिराणी, बाजारात गुजराती वा हिंदी, असा भाषाव्यवहार; सोयरीक बहुधा मूळ मुलखाशी; आणि सरकारदप्तरी रहिवासाचा दाखला मिळाल्यावरही ‘मूळ गाव कोणते?’ हा न संपणारा प्रश्न, ही या जाणिवेची लक्षणे होत. खानदेशातील देवी कानबाईचा श्रावणातील उत्सव (पहा : कानबाई) मात्र सुरतेच्याच रस्त्यांवर साजरा होतो.

स्वीकृतीच्या खुणाही दिसतात : सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालवते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारी मतदारसंघाचे, ज्यात सुरतेचाही भाग येतो, लोकसभेत प्रतिनिधित्व करीत आहेत.