सातबाऱ्याच्या कोठाराची किल्ली

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्याची बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे सातबाऱ्यावरील नाव बदलणे ही निव्वळ कारकुनी बाब नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीस विकण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक असते व त्या परवानगीस राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते. हा अभिलेख आता संगणकात असल्याने त्यास कोणाचा हात लागू शकतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कागदी व्यवहारातही हा विचार होताच. संहितेच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद तलाठ्याने घ्यावयाची, हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावयाची. लिहिणारा एक, शिक्कामोर्तब करणारा दुसरा. ई-फेरफार प्रणालीत हीच विभागणी वापरकर्त्याच्या खात्यांतून उतरविण्यात आली. तलाठ्यास, ज्यांचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाले, नोंद घेण्याचा अधिकार आहे, तर प्रमाणित करण्याचा अधिकार मंडळ अधिकाऱ्यास. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून नागरिकांना मिळू लागला.

डेटाबेस म्हणजे माहितीचे कोठार. त्यात पाहणे, भर घालणे, बदलणे व खोडणे हे चार अधिकार स्वतंत्रपणे देता येतात. ‘ग्रँट’ या आज्ञेने अधिकार मिळतो, ‘रिव्होक’ने काढून घेतला जातो. केवळ उतारा छापून देणाऱ्यास पाहण्यापलीकडे काहीच देऊ नये, हे शहाणपणाचे.

खरी गफलत बहुधा कार्यालयातील संगणकावरच होते. अनेक जुन्या कार्यालयीन प्रणालींत कोठाराशी जोडणी करणारे खाते सर्वाधिकारी असे व त्याचा पासवर्ड संगणकावरील साध्या फाइलीत उघडा पडलेला असे. मग मूळ प्रणालीने घातलेली बंधने निरर्थक ठरतात. त्या संगणकावर बसणारा कोणीही एक्सेल वा अ‍ॅक्सेसमधून तीच जोडणी वापरून तक्त्यांत थेट शिरू शकतो. शिवाय सारे एकाच खात्याने आत गेले, तर बदल कोणी केला हे नोंदवहीत उमटत नाही. मे २००२ मध्ये ‘स्पायडा’ नावाचा संगणकी किडा जगभर पसरला, तो मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरवरील ‘एसए’ या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड कोरा ठेवल्यामुळेच. कुलूप होते, किल्ली दारातच लटकत होती!

उपाय फारसे खर्चिक नाहीत. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र खाते असावे. अधिकार थेट व्यक्तीला न देता पदानुरूप भूमिकेला द्यावेत, म्हणजे बदली झाली की व्यक्तीस त्या भूमिकेतून वगळणे पुरेसे होते. रोजच्या वापरातील संगणकावर ऑपरेटरला प्रशासकाचे अधिकार नसावेत. प्रणालीच्या जोडणीचे खाते फक्त तिला लागणाऱ्या तक्त्यांपुरते मर्यादित असावे आणि त्याचा पासवर्ड टेबलावरील संगणकात नव्हे, सर्व्हरवर असावा.

अवघड भाग तंत्राचा नसून सवयीचा आहे. कामाचा ताण वाढला की साहेबांचा पासवर्ड खासगी मदतनीसाला सांगितला जातो, डिजिटल स्वाक्षरीचे टोकनही त्याच्याच खणात राहते. दुसऱ्याचा पासवर्ड वा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र अशी नोंद झाली, तर प्रणालीत नाव उमटते ते खातेधारक अधिकाऱ्याचेच, आणि पहिला खुलासाही त्यालाच द्यावा लागतो.