वैनगंगेचा पूल, चांद्याचं सागवान आणि इटारसीची आग

१७ जून २०१५ रोजी सकाळी इटारसी जंक्शनच्या सिग्नल केबिनला आग लागली. रूळ शाबूत होते, पूल शाबूत होते, इंजिनं धडधाकट होती. जळाली ती गाड्यांना वाट करून देणारी रिले यंत्रणा. भोपाळ, नागपूर, जबलपूर आणि खांडवा या चारही दिशांच्या गाड्या जिथे एकमेकींची वाट ओलांडतात, नेमकं तेच ठिकाण आंधळं झालं. सांधेवाल्यांनी हाताने सांधे बदलावेत आणि गाडी पुढे काढावी, असे दिवस परत आले. नवी यंत्रणा सुरू व्हायला ३५ दिवस लागले.

इटारसीपासून बल्लारपूर सुमारे पाचशे किलोमीटर दूर. तरीही त्या महिन्यात बल्लारशा स्थानकावरचं वेळापत्रक कोलमडलं, कारण दिल्ली–चेन्नई हा लोहमार्ग इटारसी, नागपूर, वर्धा, वरोरा, चंद्रपूर असा थेट बल्लारशाला येतो आणि वर्धा नदी ओलांडून काजीपेटकडे उतरतो. गाडी रद्द झाली नाही तर नागपूरहून गोंदिया, बिलासपूर, कटनी असा भलामोठा वळसा घ्यायचा, एवढीच सोय होती. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलातून उत्तरेला जाणारी आणखी एक वाट शंभर वर्षांपूर्वीच आखली गेली होती. ती त्या दिवसांत कामी आली नाही, आणि हा इतिहास मुळातून पाहण्यासारखा आहे.

या भागात रेल्वे आली ती कोळशासाठी. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा फाटा १८७०च्या दशकात टाकला गेला, तो वरोऱ्याच्या खाणीतला कोळसा न्यायला. पुढे तो बल्लारपूरपर्यंत वाढला. १९२९ साली बल्लारशा–काजीपेट दुवा पूर्ण झाला आणि दिल्ली व मद्रास थेट जोडले गेले. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस त्याच वर्षी सुरू झाली. चांद्याचं आडबाजूचं शेवटचं स्थानक देशाच्या उत्तर-दक्षिण कण्यावर येऊन बसलं.

पण कोळशाइतकीच रेल्वेला लाकडाची भूक होती. एका मैलाच्या रुळाखाली सुमारे १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागत आणि ऊन-पाऊस-वाळवी यांत ते दहा-बारा वर्षांत बदलावे लागत. १८६४ साली सरकारी वनखातं उभं राहिलं, त्यामागे ही गरज मोठी होती. साग, साल आणि देवदार या तीनच जाती बिनमसाल्याच्या टिकाऊ मानल्या जात, आणि साग म्हटलं की आलापल्लीचं नाव घेतलं जाई. अहेरी-आलापल्लीच्या जंगलातले ओंडके ओढायला हत्ती होते. गडचिरोली जिल्ह्यातल्या कमलापूरचा हत्ती कॅम्प ही त्याच कामाची आजची खूण. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने राखलेला सहा हेक्टरांचा अस्पर्श तुकडा पाहिला, की बाकीचं जंगल कुठे गेलं असेल याचा अंदाज येतो. त्यातलं बरंच रुळांखाली, फर्निचरात आणि इमारतींच्या तुळयांत गेलं.

लाकूड रुळाखाली आलं, तशी आगीची भीतीही आली. जमिनीवरच्या रुळाखाली खडी असते, त्यामुळे एखादा स्लीपर पेटला तरी आग लवकर पसरत नाही. गर्डरच्या पुलाचं तसं नाही. तिथे खडी नसते. लोखंडी गर्डरवर थेट लाकडी स्लीपर ठेवून हुक बोल्टांनी आवळलेले असतात, आणि खालून वारा मोकळा खेळतो. वाफेच्या इंजिनाच्या राखपेटीतून निखारा पडला, तर चैत्र-वैशाखात वाळून कोळ झालेलं, वंगणाने माखलेलं ते लाकूड आतल्या आत धुमसत राही. पाणी खाली नदीत आणि आग वर पुलावर. बंब तिथे पोहोचायचा कसा? लाकूड जळून गेलं की प्रश्न संपत नाही. साधारण ५५० अंश सेल्सिअसला पोलादाची निम्मी ताकद जाते. गर्डर वाकला आहे का, रिबिटं सैल झाली आहेत का, हे तपासल्याशिवाय एकही गाडी सोडता येत नाही.

ब्रिटनमध्ये मेनाय सामुद्रधुनीवरच्या ब्रिटानिया पुलाने याचा धडा दिला. रॉबर्ट स्टीफन्सनने बांधलेला, १८५० साली खुला झालेला हा पूल लोखंडी नळीसारखा होता आणि त्यावर डांबर लावलेलं लाकडी छप्पर होतं. २३ मे १९७० रोजी काही मुलं पेटता पलिता घेऊन आत शिरली आणि छप्पर पेटलं. एका रात्रीत नळ्या खचल्या. आयर्लंडच्या बोटींसाठी होलिहेडला जाणारी रेल्वे बंद पडली, ती थेट जानेवारी १९७२ मध्ये, तीही एकेरी रुळावर, पुन्हा सुरू झाली.

चंद्रपूर-गडचिरोलीत आगीचा ऋतू ठरलेला आहे. फेब्रुवारीपासून पानगळ साचते. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून कुठे वणवा लावतात. वनखातं त्याआधी जाळरेषा काढतं, रेल्वेचे गँगमन रुळाकाठचं गवत साफ करतात. १९७०नंतर सिमेंटचे स्लीपर आले आणि ही भीती पुष्कळ कमी झाली. गर्डर पुलांवर मात्र सिमेंटचा स्लीपर बसत नाही, त्यामुळे तिथे लाकूड बराच काळ टिकलं आणि मग त्याची जागा पोलादी स्लीपरांनी घेतली.

आता त्या दुसऱ्या वाटेकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून नागभीडमार्गे चांदाफोर्टपर्यंत अडीच फुटी नॅरोगेज टाकली. वाटेत वैनगंगा आडवी येते. नदीच्या पूर्वेला वडसा, पश्चिमेला ब्रह्मपुरी. मधला पूल आजच्या गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांना जोडतो. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला रेल्वेचं एकच स्थानक आलं, ते वडसा. धानाचा व्यापार तिथे वाढला, झाडीपट्टीच्या नाट्यमंडळ्यांनी आपलं बस्तानही तिथेच मांडलं. दिवाळीनंतर दंडार, नाटकं ठरवायला गावोगावचे लोक वडशालाच येतात. इतक्या मोठ्या वनजिल्ह्याने सागवान दिलं, बांबू दिला, आणि त्याच्या मुख्यालयाला मात्र रूळ मिळाले नाहीत. वडसा–गडचिरोली मार्ग मंजूर होऊन काम सुरू व्हायलाच वर्षांमागून वर्षं गेली, ही गोष्ट अन्यायाची आहे.

गोंदिया–बल्लारशा मार्ग १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झाला. पण बालाघाटच्या पुढे नैनपूर, जबलपूर ही सातपुड्याची गाडी छोटीच राहिली. म्हणूनच २०१५च्या जूनमध्ये इटारसी टाळून बल्लारशाहून सरळ जबलपूरला जाता आलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून नैनपूरकडची नॅरोगेज रुंदीकरणासाठी बंद झाली. आता ते काम पूर्ण झालं असून चांदाफोर्टहून जबलपूरला थेट एक्स्प्रेस धावते.

पर्यायाची गरज अजून तितकीच आहे. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी पेद्दापल्लीजवळ राघवपुरम येथे मालगाडीचे ११ डबे घसरले आणि बल्लारशा–काजीपेट वाहतूक ठप्प झाली. कित्येक गाड्या रद्द झाल्या, कित्येक दुसऱ्या मार्गांनी वळवल्या गेल्या. उत्तरेच्या बाजूला गोंदियाचा मार्ग पर्याय म्हणून आहे, पण तो एकेरी आहे. मालगाड्यांच्या रांगेत वळवलेल्या एक्स्प्रेस घुसल्या की दोन्हींचे हाल होतात. ४ एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया–बल्लारशा या २४० किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. खर्च सुमारे ४,८१९ कोटी रुपये. दुसरा रूळ टाकायचा तर वडसा आणि ब्रह्मपुरीच्या मध्ये वैनगंगा पुन्हा एकदा ओलांडावी लागेल. या खेपेला पुलावर चांद्याचं सागवान नसेल.