पूरकाची गोळी आणि हृदयाचा ताल : क्विनीनपासून माशांच्या तेलापर्यंत

१९१२ साली कारेल वेंकेबाख या डच हृदयतज्ज्ञाकडे एक व्यापारी आला. त्याला हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे झटके वारंवार येत. त्यावर काही खात्रीचा उपाय नाही, असे वेंकेबाखांनी सांगताच व्यापारी म्हणाला की, हा झटका आपण स्वतःच थांबवू शकतो आणि उद्या ते दाखवूही शकतो. दुसऱ्या दिवशी तो परतला तेव्हा त्याची नाडी पूर्णपणे नियमित चालत होती. त्याने घेतले होते एक ग्रॅम क्विनीन, मलेरियासाठी त्या काळी सर्रास वापरले जाणारे. वेंकेबाखांनी ही हकीकत हसण्यावारी नेली नाही. इतर रुग्णांवर त्यांनी तोच प्रयोग करून पाहिला, तो थोड्यांच्याच बाबतीत यशस्वी ठरला आणि १९१४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे दोन्ही नोंदवले.

त्या विकाराला आज आपण एट्रियल फिब्रिलेशन म्हणतो. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंदे. एरवी ती एका विद्युत्-संकेताच्या तालावर एकसाथ आकुंचन पावतात. या विकारात तो ताल मोडतो आणि अलिंदांच्या भिंती नुसत्या थरथरू लागतात. छातीत धडधडते, दम लागतो. कित्येकांना मात्र काहीच जाणवत नाही. खरा धोका त्यापुढचा आहे. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साकळते, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूपर्यंत पोहोचली की पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासाने १९७८ मध्ये दाखवून दिले की या विकाराने पक्षाघाताची जोखीम पाचपटीहून अधिक वाढते आणि सोबत संधिवाताच्या तापाने बिघडलेली झडप असेल, तर सतरा पटींहून अधिक. म्हणूनच ‘ठोके नियमित करणारी नैसर्गिक गोळी’ या शब्दांची शहानिशा इतिहासाच्या आधारे करणे आवश्यक ठरते.

क्विनीनचीच कथा पुढे नेऊ. सिंकोना वृक्षाच्या सालीतील हे द्रव्य भारताला परके नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाचे सरकारी मळे उभे राहिले होते. वेंकेबाखांच्या नोंदीनंतर वॉल्टर फ्रे या वैद्याने १९१८ मध्ये सिंकोनातील निरनिराळी अल्कलॉइडे तपासली आणि क्विनीनचे भावंड असलेले क्विनिडीन सर्वांत परिणामकारक असल्याचे दाखवले. पुढची कित्येक दशके क्विनिडीन हे या विकारावरचे एक प्रमुख औषध होते. ते ठोके नियमित ठेवते, याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती.

मग १९९० मध्ये सहा चाचण्यांतील एकूण ८०८ रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला गेला. वर्षअखेर क्विनिडीन घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांचा ताल नियमित राहिला होता, न घेणाऱ्यांपैकी सुमारे चतुर्थांशांचा. म्हणजे औषध आपले काम करीत होते. परंतु मृत्यूचे प्रमाण क्विनिडीनच्या गटात २.९ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ०.८ टक्के. ताल सुधारला होता, माणसे मात्र अधिक दगावली होती. नाडी पाहणाऱ्या एकट्या वैद्याला हा फरक कधीच दिसला नसता. तो दिसण्यासाठी शेकडो रुग्णांची दोन गटांत मोजणी करावी लागली.

वनस्पतीतून आलेले म्हणून सौम्य, ही समजूत किती अपुरी आहे याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळांतून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. अजमलीन हृदयातील विद्युत्-वहन मंद करते. आज युरोपातील रुग्णालयांत ब्रुगाडा सिंड्रोम हा आनुवंशिक विकार ओळखण्यासाठी ते शिरेतून दिले जाते, पण ते देताना हृदयालेख सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो, कारण काही रुग्णांत तेच घातक अनियमितता निर्माण करू शकते. हृदयाच्या तालावर खरोखर परिणाम करणारे द्रव्य तो बिघडवण्याचीही ताकद बाळगून असते. मूळ झाडाचे आहे की प्रयोगशाळेचे, याने त्यात फरक पडत नाही.

आता माशांच्या तेलाकडे वळू. १९७० मध्ये हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न डायरबर्ग हे डॅनिश संशोधक ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर गेले. सील आणि मासे यांवर जगणाऱ्या तिथल्या इनुइट लोकांच्या रक्तातील मेद त्यांनी तपासले. इनुइट लोकांत हृदयविकार कमी आहे, हे त्यांनी स्वतः मोजले नव्हते, ते गृहीत धरले होते. मात्र त्यांच्या लेखांतून ओमेगा-३ मेदाम्ले आणि निरोगी हृदय यांची जोडी जगभर रूढ झाली. त्यानंतर पुरावेही जमू लागले. १९८९ मध्ये वेल्समधील एका चाचणीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांपैकी ज्यांना मासे खाण्याचा सल्ला दिला गेला त्यांच्यातील मृत्यू २९ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये इटलीतील जिस्सी चाचणीने ११,३२४ रुग्णांत रोज एक ग्रॅम ओमेगा-३ दिल्याने मृत्यू, विशेषतः आकस्मिक मृत्यू, घटल्याचे नोंदवले. हार्वर्डमध्ये अलेक्झांडर लीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पिलांच्या हृदयपेशी तबकडीत वाढवल्या. त्या बेताल धडकू लागल्या की ही मेदाम्ले टाकताच शांत होत.

एवढे दुवे हाती असताना एट्रियल फिब्रिलेशनचा विचार होणे स्वाभाविकच होते. २००४ मध्ये अमेरिकेतील ६५ वर्षांवरील ४,८१५ लोकांच्या बारा वर्षांच्या पाहणीतून असे दिसले की, भाजलेले किंवा उकडलेले मासे नियमित खाणाऱ्यांत हा विकार सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. तळलेल्या माशांबाबत तसा लाभ दिसला नाही. २००५ मध्ये इटलीतील १६० रुग्णांची एक छोटी चाचणी आली. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर हा विकार तेल न घेणाऱ्यांपैकी ३३.३ टक्क्यांना झाला, तर घेणाऱ्यांपैकी १५.२ टक्क्यांना. निम्म्याहून कमी! मात्र कोणाला तेल मिळते आहे, हे या चाचणीत लपवलेले नव्हते.

इथे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने थोडे थांबणे योग्य होईल. अलिंदातील थरथर म्हणजे स्वतःच्याच शेपटीमागे धावणाऱ्या विद्युत्-लहरी. लहर पुढे सरकली की मागचा स्नायू काही क्षण विश्रांती घेतो आणि त्या काळात त्याला पुन्हा चेतवता येत नाही. लहरीचा वेग आणि हा विश्रांतिकाळ यांचा गुणाकार म्हणजे तिची लांबी. लांबी अलिंदाच्या मानाने मोठी असेल तर लहरीला वळायला जागा उरत नाही आणि ती विझते. लांबी आखूड झाली तर एकाच वेळी अनेक लहरी सुखाने नांदतात. १९६४ मध्ये गॉर्डन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच चित्र संगणकावर उभे करून दाखवले होते. याचा अर्थ असा की, एखादे द्रव्य विश्रांतिकाळ वाढवते म्हणून ते उपकारक ठरेलच असे नाही. त्याच वेळी त्याने वेग कमी केला, तर गुणाकार कोणत्या बाजूला झुकेल हे मोजल्यावाचून सांगता येत नाही. तबकडीतील पेशी हा गुणाकार करून दाखवत नाही. तो संपूर्ण हृदयच करते, आणि तेही प्रत्येक रुग्णात वेगळ्या रीतीने.

मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि चित्र पालटले. २०१० मध्ये अमेरिकेतील ६६३ रुग्णांना चोवीस आठवडे भरपूर मात्रेत ओमेगा-३ देण्यात आले, पण विकाराची पुनरावृत्ती कमी झाली नाही. २०१२ मध्ये ‘ओपेरा’ चाचणीने इटलीतील त्या आशादायक निष्कर्षाची १,५१६ शस्त्रक्रिया-रुग्णांवर फेरतपासणी केली. या वेळी कोणाला माशांचे तेल आणि कोणाला ऑलिव्हचे, हे रुग्णांना किंवा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. निकाल : माशांचे तेल घेणाऱ्यांत ३०.० टक्के, न घेणाऱ्यांत ३०.७ टक्के. निम्म्याने घट दिसली होती तिथे आता फरकच उरला नाही.

यानंतरचे वळण अधिक गंभीर होते. २०१८ मध्ये ‘रिड्यूस-इट’ चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह अकरा देशांतील ८,१७९ रुग्णांच्या या चाचणीत रोज चार ग्रॅम शुद्ध इकोसापेंट एथिल घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आदी घटना २५ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र तालाच्या बिघाडामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण त्यांच्यात ३.१ टक्के होते, तर दुसऱ्या गटात २.१ टक्के. २०२० मधील ‘स्ट्रेंग्थ’ चाचणीत १३,०७८ रुग्णांपैकी औषध घेणाऱ्या २.२ टक्क्यांना हा विकार नव्याने जडला, मक्याचे तेल घेणाऱ्या १.३ टक्क्यांना. २०२१ मध्ये सात चाचण्यांतील ८१,२१० जणांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. ओमेगा-३ घेणाऱ्यांत हा विकार २५ टक्क्यांनी अधिक होता. रोज एक ग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत वाढ १२ टक्के होती, त्याहून अधिक घेणाऱ्यांत ४९ टक्के. मात्रेबरोबर परिणाम वाढावा, हे योगायोगाचे लक्षण नव्हे. २०२३ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने अशा औषधांच्या माहितीपत्रकात एट्रियल फिब्रिलेशन हा दुष्परिणाम म्हणून नोंदवण्याची शिफारस केली. जे तेल तालासाठी घ्यायचे, तेच ताल बिघडवण्याच्या यादीत गेले.

इतर पूरकांचा इतिहास इतका नाट्यमय नाही. ‘व्हायटल’ चाचणीत २५,११९ अमेरिकी नागरिकांना पाच वर्षांहून अधिक काळ ‘ड’ जीवनसत्त्व, कमी मात्रेतील ओमेगा-३, दोन्ही किंवा निष्क्रिय गोळ्या दिल्या गेल्या. हा विकार टाळण्यात ‘ड’ जीवनसत्त्वाचा उपयोग दिसला नाही आणि ओमेगा-३ चाही नाही. मॅग्नेशिअम आणि पोटॅशिअम यांचे रक्तातील प्रमाण घटले तर ताल बिघडतो, हे खरे आहे. रुग्णालयात मॅग्नेशिअम शिरेतून दिलेही जाते. पण तपासणीत सापडलेली कमतरता भरून काढणे वेगळे आणि प्रमाण योग्य असताना वरून गोळ्या घेत राहणे वेगळे. मूत्रपिंडे अशक्त असतील तर हीच क्षारद्रव्ये रक्तात साठून धोका निर्माण करतात.

भारताच्या दृष्टीने या इतिहासाला आणखी एक पदर आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नोंदणीनुसार, एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांपैकी संधिवाताच्या तापातून आलेला झडपांचा आजार उत्तर अमेरिकेत २.२ टक्क्यांना होता, भारतात ३१.५ टक्क्यांना. फ्रेमिंगहॅमची ती सतरा पटींची जोखीम याच रुग्णांची. दिल्लीच्या एम्स संस्थेतील गणेशन कार्तिकेयन यांच्या नेतृत्वाखालील ‘इन्व्हिक्टस’ चाचणीने २०२२ मध्ये अशा ४,५३१ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्यांचे सरासरी वय सुमारे पन्नास होते आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. त्यांच्यासाठी ‘के’ जीवनसत्त्वाला रोखणारी जुनी, स्वस्त, रक्त पातळ ठेवणारी औषधे नव्या रिव्हरॉक्साबॅनपेक्षा सरस ठरली. मृत्यूही कमी झाले.

इथेच पूरकाची गोळी निरुपद्रवी राहत नाही. ‘के’ जीवनसत्त्व असलेली बहुजीवनसत्त्वाची गोळी अशा रुग्णाने न सांगता सुरू केली, तर औषधाचा परिणाम मंदावतो. पालक, मेथी या भाज्या सोडायच्या नाहीत, पण त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवायचे आणि रक्ताची आयएनआर तपासणी चुकवायची नाही, असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी. सर्वांत घातक म्हणजे ‘नैसर्गिक’ गोळी मिळाली म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध परस्पर बंद करणे. गोळीने धडधड कमी झाल्यासारखी वाटेलही, गुठळी मात्र तिच्यामुळे थांबत नाही.

कायद्यानेही ही रेषा आखलेली आहे. आपल्याकडे पोषणपूरके २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात. म्हणजे कायद्याच्या लेखी ती अन्न आहेत, औषध नव्हेत. ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना त्यांच्या वेष्टनावर असावी लागते. हृदयविकार बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ चा कायदा मनाई करतो. बाटली विकत घेणाऱ्याने पुढच्या मोठ्या अक्षरांआधी मागची ही बारीक अक्षरे वाचावीत.

तर मग औषधोपचाराच्या जोडीने रुग्णाने स्वतः काय करावे? गेल्या दशकातील भक्कम उत्तरे काही घेण्याची नाहीत, सोडण्याची आहेत. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथील २०१५ च्या अभ्यासात, वजन दहा टक्के किंवा अधिक घटवून ते टिकवणाऱ्या स्थूल रुग्णांत विकारमुक्त राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट आढळली. २०२० मध्ये त्याच देशातील १४० मद्यपी रुग्णांच्या चाचणीत, मद्य सोडण्यास सांगितलेल्यांपैकी ५३ टक्क्यांचा विकार उलटला, तर पूर्ववत पिणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांचा. रक्तदाब काबूत ठेवणे आणि झोपेतील श्वासरोधावर उपचार करणे, हेही याच यादीत येते. यांपैकी काहीही बाटलीत भरून विकता येत नाही, म्हणून त्यांची जाहिरात आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

वेंकेबाखांच्या त्या व्यापाऱ्याचा अनुभव खोटा नव्हता. तबकडीत शांत झालेल्या पेशीही खोट्या नव्हत्या. परंतु अनुभव हा शोधाचा आरंभ असतो, त्याचा निवाडा मोजणीत होतो. आपल्या घरात कोणी या विकाराने त्रस्त असेल, तर ते घेत असलेल्या प्रत्येक गोळीची, चूर्णाची आणि तेलाच्या कॅप्सूलची यादी करून पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावी. आणि तोवर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची एकही मात्रा चुकवू नये.