रडतोंडीचा रोटुंडा

सुरूर, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, पोलादपूर हा राज्यमार्ग आपण बहुधा सहलीचा रस्ता म्हणून ओळखतो. नकाशा उलगडला की त्याचे दुसरे रूप ध्यानात येते. कृष्णा आणि सावित्री दोघींचा उगम महाबळेश्वरी. एक वाईवरून पूर्वसमुद्राकडे, दुसरी पोलादपूर-महाडवरून पश्चिमसमुद्राकडे जाते. पसरणीच्या घाटात कृष्णेचे खोरे मागे पडते, आंबेनळीच्या घाटात सावित्रीचे सामोरे येते. मध्ये कोयनेकाठची जावळी.

ही जावळी शिवरायांनी १६५६ मध्ये मोऱ्यांकडून घेतली. १६५९ मध्ये वाईला तळ देऊन बसलेला अफझलखान ज्या वाटेने पारकडे उतरला, ती आजची सडक नव्हे. तो रडतोंडीचा घाट. चढउतार करणाऱ्याला रडवणारा, म्हणून रडतोंडी. या एका शब्दात ओझेवाल्यांचा आणि लमाणांच्या बैलांचा इतिहास साठला आहे.

पुढे गव्हर्नर माल्कम यांच्या काळात महाबळेश्वरी माल्कम पेठ वसली आणि इंग्रजी लेखनात रडतोंडीचा 'रोटुंडा' झाला. रोटुंडा म्हणजे घुमटाकार वास्तू! ध्वनी जेमतेम उरला, रडणे मात्र पुसले गेले. नंतर कोकणात उतरणारी नवी सडक झाली, तिला गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव मिळाले.

ते नाव आज ग्रंथांतच सापडते. लोक आंबेनळीच म्हणतात. याउलट एल्फिन्स्टन, लॉडविक ही पॉइंटांची नावे अजून टिकून आहेत. असे का व्हावे? आम्हांला वाटते, पॉइंट पाहणाऱ्यांचे होते, घाट चालणाऱ्यांचा होता. ज्याचे पाय झिजले, त्याचा शब्द टिकला.

पण हा भाषेचा विजय म्हणून मिरवण्याजोगा नाही. जुलै २०१८ मध्ये आंबेनळीत बस दरीत कोसळून अनेक जण गेले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडींनी हाच घाट बंद पाडला. सडक रुंद झाली, तरी डोंगर तोच राहिला. पूर्वजांनी घाटाला दिलेले नाव वर्णन होते, तसा इशाराही होता. आपण स्थळनामांकडे व्युत्पत्तीचे कोडे म्हणून पाहतो आणि तिथेच थांबतो. वर्गात बखरी शिकवताना-शिकताना हा इशाराही वाचायला हवा, असे आम्हांस वाटते.