गोणी मोजली, मूळ मोजायचे राहिले

रायपूर शहराच्या उत्तरेला बीरगांव आहे. उरला औद्योगिक क्षेत्रामुळे ते आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. पण या परिसरातील शेतकऱ्यांनी मातीला दिलेली चार नावे अजून प्रचारात आहेत: उंचवट्यावरची मुरमाड ‘भाटा’, पिवळसर ‘मटासी’, मध्यम ‘डोरसा’ आणि सखल भागातील काळी, चिकण ‘कन्हार’. पाणी कोठे थांबते आणि कोठून निसटते, याचीच ही नोंद होय. मक्याला नत्र केव्हा आणि किती द्यावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या नावांत होते. खतांच्या इतिहासात ते दीर्घकाळ बाजूला पडले.

छत्तीसगढच्या मैदानात शेत भाताचे आणि मका घरामागच्या ‘बाडी’तला. गोठ्यातील शेण तेथे सहज पोहोचत असे, हे त्याचे एक साधे कारण. ब्रिटिश सरकारने पाठवलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी 1893 च्या अहवालात नेमक्या याच दुव्यावर बोट ठेवले. सरपण मिळत नाही म्हणून शेण जाळले जाते आणि शेत खताला मुकते, असे त्यांचे निरीक्षण होते. गोवरी जळताना पालाश राखेत उरतो, नत्र मात्र धुरासोबत निघून जातो. त्यांनी उपाय सुचवला तो सरपणासाठी झाडे लावण्याचा.

पुढच्या शतकाने वेगळा मार्ग धरला. फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये हवेतील नत्रापासून अमोनिया बनवून दाखवला आणि 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. भारतात 1951 मध्ये सिंद्री येथे अमोनियम सल्फेटचे उत्पादन सुरू झाले. 1959 मध्ये रायपूरशेजारी भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. कोळशाचा कोक करताना निघणाऱ्या वायूतील अमोनियापासून तेथेही हेच खत मिळू लागले. दरम्यान 1957 मध्ये मक्यासाठी अखिल भारतीय समन्वित संशोधन योजना सुरू झाली आणि 1961 मध्ये ‘गंगा 1’, ‘गंगा 101’, ‘रणजीत’ व ‘डेक्कन’ हे संकरित वाण आले. बाडीतील मक्यापेक्षा त्यांची नत्राची भूक कितीतरी मोठी होती.

ही भूक भागवण्याचा हिशेब गोण्यांत होऊ लागला. 1977 च्या धारणा मूल्य योजनेने खत कारखान्यांना उत्पादनखर्चाची हमी दिली. 1992 मध्ये स्फुरद आणि पालाश यांच्या खतांवरील दरनियंत्रण उठले, युरियावरील राहिले. युरिया तुलनेने स्वस्त झाला आणि शेतकऱ्याचा हात साहजिकच त्याच गोणीकडे वळला. यात त्याचे अज्ञान शोधणे अन्यायाचे ठरेल. किमतीने जे शिकवले, ते तो शिकला.

जमिनीखालचा हिशेब निराळा आहे. युरियाचे प्रथम अमोनियम होते. त्याचा विद्युतभार धन आणि चिकणमातीच्या कणांचा ऋण, म्हणून ते मातीला धरून राहते. पुढे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेटचा भारही ऋण असल्याने माती त्याला धरत नाही. पाणी जाईल तिकडे ते जाते. रायपूरला वर्षाकाठी सुमारे 1200 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांशी चार महिन्यांत. पेरणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत मक्याची मुळे वरच्या थरातच असतात. तेव्हाच सारा युरिया टाकला, तर मूळ पोहोचण्याआधी नायट्रेट खाली उतरते. भाटा-मटासीत ते लवकर निसटते. कन्हारात पाणी साचले, तर जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडतात.

मूळही निष्क्रिय नसते. इंग्लंडमध्ये माल्कम ड्रू यांनी 1975 मध्ये जवावरील प्रयोगांतून दाखवले की, मुळाच्या ज्या भागाला नायट्रेट मिळते, तेथेच उपमुळे दाट होतात. नत्र मुबलक असले की वनस्पती पानांवर अधिक खर्च करते आणि मुळांचा वाटा घटतो. अमेरिकेतील जोनाथन लिंच यांनी 2013 मध्ये मक्याच्या आदर्श मुळाची कल्पना मांडली: तीव्र उताराने खोल जाणारे, मोजक्या उपमुळांचे, कमी खर्चाचे मूळ. निसटणाऱ्या नायट्रेटचा पाठलाग करणे हे त्याचे काम.

भारतीय शास्त्रज्ञांनी नायट्रेटचा वेगच कमी करण्याचा मार्ग शोधला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत राजेंद्र प्रसाद आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये दाखवले की, कडुनिंबातील द्रव्ये युरियाबरोबर दिल्यास जिवाणूंचे काम मंदावते. देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा व्हायला 2015 उजाडले. 2018 मध्ये गोणी 50 किलोवरून 45 किलोवर आली.

लेपाने थोडा वेळ मिळतो. खत कधी टाकायचे, हे मात्र लेप ठरवत नाही. संकरित मक्याला हेक्टरी 120 किलो नत्र द्यायचे, तर सुमारे 260 किलो युरिया लागतो. तो पेरणीला, पीक गुडघ्याएवढे झाल्यावर आणि तुरा येताना असा हप्त्यांनी द्यावा, अशी शिफारस असते. त्यासाठी नेमक्या त्या दिवसांत पावसाने उघडीप द्यावी लागते, मजूर मिळावा लागतो आणि दुकानात युरियाही असावा लागतो. यांपैकी एक जरी चुकले, तरी शेतकरी मिळेल त्या दिवशी मिळेल तेवढे टाकून मोकळा होतो. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या सरीत त्यातले किती वाहून जाईल, हे तो उभा असलेली जमीन भाटा आहे की कन्हार, यावरही ठरते. गोणीवरच्या मजकुरात मात्र मातीचे नाव नसते.