शेटलंडच्या तट्टांची निवड कोणी केली?

लहान शेतकऱ्याने कामासाठी तट्टू निवडताना त्याची ताकद आणि थोड्या चाऱ्यावर तग धरण्याचा गुण पाहावा, असे आपण सहज म्हणतो. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांवरील तट्टांत हे दोन्ही गुण होते. तेथे झाडे फारशी नाहीत. म्हणून लोक पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, कापून, वाळवून जाळीत. पीटच्या टोपल्या डोंगरावरून घरी आणण्याचे काम तट्टांचे. एरवी ती सामाईक कुरणावर मोकळी चरत.

१८४२ साली ब्रिटनमध्ये स्त्रियांना व १० वर्षांखालील मुलग्यांना खाणीत उतरवण्यास कायद्याने बंदी आली. मग बुटक्या बोगद्यांतून कोळशाच्या गाड्या ओढण्यासाठी या तट्टांची मागणी वाढली. खाणींना नर हवे असत. गरजू शेतकऱ्यांनी चांगले नर विकले आणि उरलेल्या नरांपासून पुढची पिढी निपजली. एक नर अनेक माद्यांना फळवतो. त्यामुळे त्याचा कमीपणा साऱ्या कळपात उतरतो. कुरण सामाईक असल्याने एकट्या शेतकऱ्याने उत्तम मादी पाळूनही भागत नव्हते.

१८९० मध्ये या जातीची वंशावळ-नोंदवही सुरू झाली. पुढे कळपांसाठी निवडक, नोंदणीकृत नर वापरता यावेत म्हणून अर्थसाहाय्याची योजना आली.

कृत्रिम निवड शिकवताना माणसाने काय राखले, एवढेच आपण सांगतो. त्याने काय विकले, हेही विद्यार्थ्यांना विचारायला हवे, असे आम्हाला वाटते.