न दाखल झालेले दावे

असहकाराच्या काळात, १९२०-२१च्या सुमारास, वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांनी एक लाख रुपये दिले ते वकिली सोडणाऱ्या वकिलांच्या चरितार्थासाठी. त्यामागचा विचार गांधीजींनी १९०९च्या ‘हिंद स्वराज’मध्येच मांडून ठेवला होता. वकील भांडणं मिटवण्यापेक्षा वाढवतात आणि कोर्टांमुळे परक्या सत्तेची पकड घट्ट होते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते स्वतः बॅरिस्टर होते, त्यामुळे हा आक्षेप आतल्या माणसाचा होता. १९३६ साली हेच गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, आणि त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं. कोर्टावर बहिष्कार टाकण्यासाठी पैसा उभा करणारा हा जिल्हा आहे. आज याच जिल्ह्यात कोर्टात न जाणारे पुष्कळ आहेत, पण त्यांनी बहिष्कार टाकलेला नाही. त्यांना कोर्ट परवडत नाही, एवढंच. त्यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेत वाचकाचं स्वागत आहे.

नवा अभ्यासक सहसा कोर्ट फीपासून सुरुवात करतो, कारण तिचा तक्ता छापील मिळतो. महाराष्ट्रात ही फी १९५९च्या कायद्यानुसार आकारली जाते. २०१८ साली तिची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर नेली गेली. उलट पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट या बाबतींत स्त्रियांना १९९४पासून ही फी माफ आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३३ निर्धन माणसाला फी न भरता दावा लावू देतो. अडथळा एवढाच असता, तर पोटगी मागणाऱ्या बाईची वाट केव्हाच मोकळी झाली असती. खरा खर्च तक्त्याबाहेर आहे. वकिलाची फी, अर्जनवीस, नकला, साक्षीदारांचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्या भावाचा वाया गेलेला दिवस, आणि एवढं करून पुढची पेशी. कापूस वेचणीच्या दिवसांत आष्टीहून वर्ध्याला आलेल्या माणसाला दुपारी ‘साहेब रजेवर आहेत’ असं ऐकावं लागलं, तर त्या दिवसाची पावती कुणी देत नाही. उच्च न्यायालयात जायचं झालं, तर नागपूर खंडपीठ आहेच.

भूसंपादनात हे गणित सर्वांत उघडं दिसतं, म्हणून तिथे जरा थांबू. आर्वी तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा धरण आहे. अशा प्रकल्पांना जमीन घेण्यासाठी २०१३पर्यंत १८९४चा कायदा लागू होता. अधिकाऱ्याने ठरवलेला मोबदला पटला नाही, तर शेतकऱ्याने प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवायला लावायचं. तिथे जेवढी वाढ मागाल, त्या प्रमाणात कोर्ट फी. म्हणजे जमिनीची किंमत काय आहे, याआधी खिशात फीपुरते किती आहेत, हे बघून आकडा लिहायचा. १९८५ साली भाग सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की जमीन अधिक मोलाची ठरत असेल, तर कमी पडलेली फी भरून घ्यावी आणि योग्य मोबदला द्यावा.

त्याआधीच, १९८४ साली, संसदेने कलम २८-अ घातलं होतं. एकाच अधिसूचनेखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांपैकी एखादा कोर्टात जाऊन वाढ मिळवून आला, तर न गेलेल्या शेजाऱ्यालाही त्या दरासाठी अर्ज करता येतो. गरीब माणूस कोर्टापर्यंत पोचत नाही, अशी कबुली कायद्याने इतक्या सरळपणे क्वचितच दिली असेल. मात्र अर्जाची मुदत निवाड्यापासून तीन महिने, आणि शेजाऱ्याचा निकाल लागला हे कळून घेणं ज्याचं त्याच्याकडे. २०१३च्या कायद्यातही कलम ७३ म्हणून हीच तरतूद आहे. धरणग्रस्त गावांत कुणाला ही तारीख वेळेत कळली आणि कुणाला नाही, यावर एक उत्तम प्रबंध होईल.

सिद्धान्त वाचायचाच असेल, तर अमेरिकन अभ्यासक मार्क गॅलंटर यांचा १९७४चा निबंध आधी वाचावा. कोर्टात वारंवार येणारा आणि आयुष्यात एकदाच येणारा, असा भेद त्यांनी केला. पाटबंधारे खातं, विमा कंपनी, बँक यांच्यासाठी खटला ही एक फाईल असते. पैसे मिळाले तरच वाटा घेईन, असा करार करून अमेरिकेत वकील गरिबाचा खटला चालवू शकतो. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी त्याला बंदी आहे. बंदीमागची नीती मला पटते. पण तिची किंमत कोण मोजतं, हेही विचारलं पाहिजे. मोटार अपघाताच्या दाव्यांत ती कितपत पाळली जाते, हा प्रश्न एखाद्या धीट विद्यार्थ्याने घ्यावा.

मोफत विधी साहाय्याची चौकट मात्र भक्कम आहे. घटनेत १९७६ साली आलेलं अनुच्छेद ३९-अ, महाराष्ट्रातल्याच होसकोट खटल्याचा १९७८चा निकाल, आणि ९ नोव्हेंबर १९९५पासून अमलात आलेला १९८७चा कायदा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी राज्यात तीन लाखांची वार्षिक मर्यादा आहे. कागदावर जिल्ह्यातली बहुसंख्य माणसं यात बसतात. तरी आपले सगळे आकडे दाखल झालेल्या आणि निकाली निघालेल्या प्रकरणांचे असतात. लोकअदालतीत तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते, अपील उरत नाही, आणि प्रकरण यशाच्या रकान्यात जातं. पक्षकार समाधानाने सही करून गेला की पेशांना कंटाळून, हे त्या रकान्यातून कळत नाही. घरीच थांबलेल्या माणसाला तर रकानाच नाही. माझ्या मते या विषयाची सर्वांत मोठी उणीव हीच आहे, आणि ती ग्रंथालयात बसून भरून निघणार नाही.

तेव्हा वही घेऊन हिंगणघाट, आर्वी, समुद्रपूरच्या गावांत जा आणि ज्यांनी दावा लावलाच नाही, त्यांना कारण विचारा. विचारताना एवढंही सांगा, की विधी साहाय्याचा अर्ज साध्या कागदावर चालतो, त्याला फी नाही, आणि त्याच साहाय्यासाठीचा १५१०० हा फोन क्रमांक फुकट लागतो.